बेचकी

लहानपणी बेचकी म्हणजे बाभळीची,
तिच्यात खडा घालायचा, बोरं पाडायची
आणि हाळी ऐकू आली की पळायचं.
आता बेचकी म्हणजे पायाची,
करंगळी आणि तिच्या शेजारणीच्या मधली.
तिच्यात खडा नाही, पाणी अडकतं.

परभणीला वसमत रोडवर आमचं वॉशिंग सेंटर.
ट्रॅक्टर, क्रूझर, हळदीनं पिवळे झालेले टेम्पो.
माणसं तीन, गमबुटाच्या जोड्या दोन.
जो आधी येईल त्याचे बूट,
आतून कालच्याच घामानं ओले,
कधी व्यंकटीच्या, कधी माझ्या.

चिखल्या.
शब्दातच चिखल, म्हणून मी समजलो
पावसाळ्याची पाहुणी असेल, जाईल.
पण मे महिन्यात, त्रेचाळीसच्या उन्हात
कुत्रीसुद्धा ट्रॉलीखालून हलत नव्हती
आणि माझ्या बोटांत श्रावण चालू होता.
पांढरी, फुगलेली, वास मारणारी कातडी.
रात्री बाजेच्या सुंभाला पाय घासत राहायचो.

मेडिकलवाल्यानं पाय न बघताच ट्यूब दिली.
आठ दिवसांत सगळं साफ. मी त्याला चहा पाजला.
पंधराव्या दिवशी चिखल्या परत आल्या
गणगोत घेऊन.
घोट्यावर गजकर्णाचं कडं, मग जांघेत,
मग टॉवेलातून सत्वशीलाच्या कमरेला.
ती काही बोलली नाही.
तिचा टॉवेल तेवढा दुसऱ्या खिळ्यावर गेला.

गफूरभाई आमच्यात जुना.
बावीस वर्षं पाण्यात, पाय मात्र
घासून ठेवलेल्या पाट्यासारखे,
खरबरीत, पण कोरडे.
नमाजाआधी पाय धुताना डाव्या हाताची करंगळी
प्रत्येक बेचकीतून फिरवतो.
मी म्हटलं, धुतो तर मीही. दिवसभर धुतो.
तो हसला. कमरेचं फडकं काढलं,
गाड्यांचं नव्हे, वेगळं, घरून आणलेलं,
आणि एकेक बेचकी टिपत म्हणाला,
“पाणी भाडेकरू आहे बाबा.
संध्याकाळी खोली रिकामी करून घ्यायची.”

त्यानंच मला सरकारी दवाखान्यात नेलं.
डॉक्टरीणबाई पोरगेलीशी. अंगठ्याचं नख बघितलं,
पिवळं, जाड, बैलाच्या जुन्या शिंगासारखं.
मी म्हटलं, हळद आहे, टेम्पोची.
तिनं पात्यानं भुगा खरडून कागदावर घेतला.
“हळद असती तर साबणानं गेली असती.”
मग मेडिकलवाल्याची ट्यूब हातात धरून
कितीतरी वेळ गप्प बसली.
“हिनं खाज झोपते, बुरशी जागी राहते.
आता देते ते खाज थांबल्यावरही लावायचं,
सांगीन तितके दिवस.
आणि नखाला घाई करू नका.”

घरात चौघांत एक नेलकटर होतं,
साखळीला देवस्थानाचा बिल्ला.
आता माझं वेगळं, बिल्ल्याविना.
नख सरळ कापतो, कोपरे कोरत नाही.
मोजे रोज धुतलेले, ओले असले तर घालतच नाही.
मालकाला तिसरी जोडी मागितली.
म्हणाला, पाण्यात कामं करणाऱ्यांचे पाय असेच असतात.
आम्ही तिघांनी पैसे गोळा केले,
बुटांवर ऑइलपेंटनं नावं घातली.
दुपारी डबा खाताना
तीन जोड्या कुंपणाच्या खांबांवर उलट्या,
ऊन पीत असतात.
आमचेही पाय उघडे, सावलीत.
गाडीवाले हसतात. हसू देत.

नख मात्र महिन्याला
ज्वारीच्या अर्ध्या दाण्याएवढंच पुढं सरकतं.
मुळाशी गुलाबी, पुढं अजून तेच शिंग.
परवा सत्वशीलानं विचारलं, किती आलं?
मी पाय दिव्याखाली धरला.
तिनं नख लावून मोजलं,
“अजून तीन दाणे,” म्हणाली
आणि टॉवेल काढून दिला,
माझ्या खिळ्यावरचा.